धुराड्यामागची डोलकाठी

गुणाजी आचरेकर गोदीतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे गावी जाऊन नारळाची झाडं बघतील. ते चिंचपोकळीच्या चाळीतच राहिले आणि खोलीत लढाऊ बोट बांधायला घेतली. खोली दहा बाय बाराची, बोट साडेतीन हातांची. दोघींपैकी बाहेर कुणी झोपायचं, मी की बोटीने, एवढं त्यांच्या बायकोने, शेवंतीबाईंनी, पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

गोदीत गुणाजी लाकडी साचे करीत. हात इतका साफ, की गोरा फोरमन विलायतेला परत जाताना त्यांना लढाऊ बोटींच्या चित्रांचं एक जाडं पुस्तक देऊन गेला. गुणाजींची इंग्रजी गोदीच्या फाटकाबाहेर कधी गेली नाही, पण चित्रं बघायला इंग्रजी कशाला लागते? पहिल्याच पानावरच्या ड्रेडनॉट नावाच्या साहेबाच्या बोटीवर त्यांचा जीव जडला. पुढची पानं त्यांनी एकदा उलटली आणि सोडून दिली.

फोरमनने सांगितलेलं ते गॅलरीत बसून रंगवून सांगत. आधीच्या बोटींवर लहानमोठ्या तोफांची खिचडी असायची. हिच्यावर सगळ्या मोठ्या, पाच फिरत्या बुरुजांत दोन-दोन, मिळून दहा. पोटात नव्या तऱ्हेचं टर्बाइन, म्हणून पळायला सगळ्यांत पुढे. वर्षाच्या आत-बाहेर बांधून काढली आणि ती पाण्यात उतरली त्या दिवशी जगातल्या झाडून सगळ्या लढाऊ बोटी जुन्या झाल्या, साहेबाच्या स्वतःच्यासुद्धा. हे सांगताना गुणाजी असे हसत, जणू साहेबाला तो सल्ला त्यांनीच दिला होता.

आठ वर्षं काम चाललं. गोदीतले सागवानाचे तुकडे, डालड्याच्या डब्याचे बुरूज, छत्रीच्या काड्यांच्या तोफा. त्यांचं मागणं एकच होतं. चाळीस वर्षं साचे केले, पण लोखंड ओतून झालं की साचा अडगळीत जायचा. आपल्या हातची एक तरी वस्तू पुरती होऊन देवासमोर जावी. अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात ती पुरी झाली. तोवर डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून पुढच्या वर्षाचा भरवसा ते धरीत नव्हते.

चाळीच्या गणपतीचा सेक्रेटरी जयवंत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. साहेब जाऊन अकरा वर्षं झाली आणि काका त्याची बोट बाप्पापुढे आणताहेत, हे त्याला पटेना. पण बोट पाहिल्यावर त्यानेही वाकून एकेक बुरूज फिरवून पाहिला. मग दोन अटी घातल्या. डोलकाठीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ची पाटी लागेल, आणि धुराड्यातून खराखुरा धूर निघाला पाहिजे. गुणाजींनी दोन्ही आनंदाने मान्य केल्या. बोटीच्या पोटात, पुढच्या धुराड्याखाली, शेवंतीबाईंचं धुपाटणं बसलं.

पहिल्या दिवशी आरती सुरू झाली आणि धूप पेटला. ड्रेडनॉटची डोलकाठी पुढच्या धुराड्याच्या बरोब्बर मागे. सगळा धूर उठून पाटीवर गेला. बोट दिसली, बाप्पा दिसला, पाटी काही दिसली नाही.

“काका,” मागून कुणीतरी म्हणालं, “मुंबईसकट महाराष्ट्र धुरात घातलात.”

सगळे हसले, जयवंत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीचे पाहुणे भाषणाला यायचे होते. डोलकाठी पुढे घ्या, नाहीतर उद्या दुपारपर्यंत बोट खाली उतरवा, असं त्याने सांगून टाकलं. धुपाशिवाय चालवा, हे गुणाजी म्हणेनात, कारण आता देवासमोरचा धूप काढायचा कसा?

मूळ बोटीतच ती चूक होती. लांबवर गोळा कुठे पडतो ते बघायला काठीवर मचाण, आणि होड्या उतरवायला सोयीची म्हणून काठी धुराड्यामागे. वरचा खलाशी धुराने आंधळा. गुणाजींना हे ठाऊक होतं आणि तरीही काठी हलवायची नव्हती.

“देवाक खोटा दाखवूचा नाय,” ते सकाळी शेवंतीबाईंना म्हणाले. “बोट उतरवतंय.”

शेवंतीबाईंनी आठ वर्षं ते पुस्तक रोज फडक्याने पुसलं होतं, आणि पुसता पुसता पानंही उलटली होती. त्यांनी ते आणून त्यांच्या मांडीवर उघडलं, अगदी डोळ्यांजवळ धरलं.

“ही हिच्या पाठची बोट बघा. काठी धुराड्याच्या फुडे आसा. साहेबानच हलवल्यान. मग ह्या खोटा कसा?”

गुणाजींनी पान उजेडाकडे धरलं. खरंच, पुढच्या बोटीत साहेबाने काठी पुढे घेतली होती. पण तिला काठ्या दोन होत्या, दुसरी दोन धुराड्यांच्या मध्ये. आणि ती ड्रेडनॉट नव्हती. त्यांनी पटाशी घेतली आणि बोटीच्या पाठीवर स्वतःच्या हाताने रंगवलेलं नाव खरवडून काढलं. नवं नाव घातलं नाही. जुनी काठी उपटून पुढच्या धुराड्यापुढे रोवली. दुसऱ्या काठीला लाकूड उरलं नव्हतं, तेव्हा शेवंतीबाईंनी वलणीवर लुगडी टाकायची काठी पुढे केली आणि कुठे कापायची ते बोटाने दाखवलं.

संध्याकाळी पाटी पुढच्या काठीवर चढली, स्वच्छ, शेवटच्या रांगेतूनही वाचता येणारी. मागच्या काठीवर बाप्पाचा भगवा झेंडा लावला. धूप पेटला आणि सगळा धूर त्या झेंड्यावर गेला. देवाच्या झेंड्याला धूप लागला तर कुणाची तक्रार असणार? पाहुण्यांनी बोटीपुढे हात जोडले ते बाप्पाला, पण गुणाजींनी त्यातला थोडा नमस्कार आपल्याकडेही धरून घेतला.

पाहुणे गेल्यावर जयवंत पुस्तक चाळत बसला होता. त्याचं इंग्रजी बरं होतं.

“काका, आणखी पुढच्या बोटीत साहेबाने काठी परत धुराड्यामागे नेली की.”

“परत?”

“हो, चांगल्या तीन-चार बोटींत.”

गुणाजींनी पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं, मिटलं आणि शेवंतीबाईंकडे दिलं.

“ठेव ता वर,” ते म्हणाले. “आपली काठी आता आसा थंय ऱ्हवांदे.”