चार बाटल्या पाणी

व्हर्लिन स्लोनला माझ्यासमोर लघवी होत नसे, आणि माझी नोकरी नेमकी समोर उभं राहून ती बघायची होती. हसायचं तर हसा. आमच्या केंटकीच्या डोंगरात साठी उलटलेल्या माणसाला याहून बरं काम मिळत नाही, आणि या कामाला विमा होता. माझी बायको जेनीव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. विमा गेला असता तर तीही गेली असती.

व्हर्लिन खाणकामगार. छत कोसळून पाठ मोडली, डॉक्टरने गोळ्या दिल्या. पाठ सुधारली आणि गोळ्या काही सुटेनात. त्या गोळ्यांपायीच बंद खाणीतली तांब्याची तार चोरताना सापडला. पाच वर्षं तुरुंग, नाहीतर व्यसन सोडवणारं कोर्ट, यातलं एक घे म्हणाले. त्याने कोर्ट घेतलं. गावाला वाटलं, सुटला लेकाचा. सुटतोय कसला! रोज सकाळी एका नंबरवर फोन करायचा, पलीकडून एक रंग सांगतात. आपल्याला नेमून दिलेला रंग निघाला की दुपारी बाराच्या आत माझ्याकडे लघवीचा नमुना द्यायला हजर. आठवड्यातल्या चार संध्याकाळी उपचार केंद्रात. शिवाय दर दुसऱ्या गुरुवारी जजबाईंसमोर उभं राहून नशेविना किती दिवस झाले ते सांगायचं, आणि मग सगळं कोर्ट टाळ्या वाजवतं. चव्वेचाळीस वर्षांचा हा बाप्या टाळ्यांनी कानांपर्यंत लाल व्हायचा.

त्याची आई पहिल्या बाकावर ऑक्सिजनचा सिलिंडर पायाशी घेऊन बसायची. ऑर्फामावशी म्हणायचो आम्ही सगळे. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिच्या चालूच असायच्या. आमच्या कोर्टात शेवटच्या दिवशी सगळे टप्पे पार केलेल्याच्या हातात एक पांढरा गुलाब देतात, आणि ज्याच्यामुळे तो तरला त्याला त्याने तो द्यायचा असतो.

"ते फूल घेतल्याशिवाय मी काही मरत नाही," मावशी मला म्हणायची. "मग खुशाल पुरा मला."

डॉक्टरने तिला उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. व्हर्लिनला शेवटच्या टप्प्यात सलग एकशेऐंशी दिवस निर्मळ काढायचे होते. एप्रिलमधल्या त्या सकाळी त्याचा रंग निघाला, तेव्हा एकशेएकाहत्तर झाले होते.

नेहमीचंच नाटक. तो कप धरून उभा, मी दाराला टेकून.

"एल्डन, तोंड तिकडे फिरवा ना जरा."

"तोंड फिरवलं तर हाकलतील मला. थांब, नळ सोडतो."

"नळाला होतेय हो, मलाच होत नाही!"

बाहेर गाडीत मावशी वाट बघत होती आणि तिचा सिलिंडर संपत आला होता. साडेअकरा होऊन गेले. बारापर्यंत नमुना दिला नाही, तर नशा केली असंच धरतात. नियमाने तासाला एक पेला पाणी द्यायचं, त्याहून थेंब जास्त नाही. माझ्या आधीचा माणूस अशाच मेहेरबानीपायी घरी बसला होता. तरी मी माझ्या डब्याच्या पेटीतून चार बाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने घटाघटा संपवल्या. बाराला दोन मिनिटं असताना कप भरला आणि आम्ही दोघं पोरांसारखे हसलो.

चार दिवसांनी निकाल आला : नमुना पातळ. आमच्या कोर्टात पातळ म्हणजे काहीतरी लपवायला पाणी ढोसलं, आणि त्याची शिक्षा नशेचीच.

गुरुवारी जजबाईंनी चष्मा काढला. त्यांचाही जीव होता व्हर्लिनवर.

"इतकं पाणी का प्यायलास?"

"तहान लागली होती, बाईसाहेब."

"कोणी दिलं का तुला?"

"कोणी नाही."

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी भिंतीपाशी उभा होतो, त्याच्यापासून चार पावलांवर. एक वाक्य पुरलं असतं. जजबाईंनी ऐकलं असतं, त्याचे दिवस वाचले असते. जेनीव्हा डोळ्यांपुढे आली म्हणून गप्प बसलो, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत राहिलो. ते खरं आहे. मी घाबरलो, हेही खरं आहे.

दोन दिवस कोठडी, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. कोर्टात कोणी हललं नाही. मग पहिल्या बाकावरून टाळ्या आल्या. ऑर्फामावशी एकटीच वाजवत होती, शून्याला.

बाहेर पडताना ती माझ्यापाशी दम खात थांबली.

"जेनीव्हा कशी आहे रे?"

"बरी आहे."

"सांभाळ तिला," म्हणाली आणि सिलिंडर ओढत गेली.

ऑगस्टमध्ये मावशी गेली. तिला पुरलं त्या दिवशीही व्हर्लिन बाराच्या आत नमुना द्यायला आला होता, काळ्या कोटात. पाणी देऊ का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याचे एकशेऐंशी दिवस पुरे झाले. जजबाईंनी गुलाब दिला. त्याने पहिल्या बाकाकडे बघितलं आणि फूल कोटाच्या खिशात ठेवलं. बाहेर मला म्हणाला, "चला, आईकडे जाऊन येऊ."

टेकडीवरच्या कबरीची माती अजून बसली नव्हती. तिथे माझ्याने राहवेना. म्हणालो, "व्हर्लिन, मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर हे फूल तिने हातात घेतलं असतं. मी खाल्लं तिचं फूल."

तो खाली बसून मातीतले खडे वेचत होता. "तिला माहीत होतं. तुम्ही पाणी दिलंत हे गाडीत बसल्या बसल्याच सांगितलं होतं मी तिला."

"आणि निकाल आल्यावर?"

"आधी तुम्हाला शिव्या दिल्या. ठेवणीतल्या." तो जरासा हसला. "मी म्हटलं, गुरुवारी सगळं सांगून टाकतो. तर म्हणाली, खबरदार. त्याच्या बायकोचा विमा त्या नोकरीवर आहे. माझ्या एका फुलापायी तिला मारू नकोस."

नियम मी मोडला, भीती माझी, आणि तिच्या वाट्याचं फूल तिने कोणी न मागता जेनीव्हासाठी सोडून दिलं होतं.

व्हर्लिनने फूल मातीवर ठेवलं. मग उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. मीही वाजवल्या. तो थांबला तरी माझे हात थांबेनात.

जेनीव्हा अजून आहे. परवाच म्हणाली, "ऑर्फामावशी किती विचारायची ना माझी?" मी हो म्हणालो आणि गाडी काढायला बाहेर गेलो.