पहिली फेरी सरांची

गायकवाडसरांची नि माझी ओळख झाली तेव्हा ते एका बुटक्या ट्रॅक्टरखाली उताणे पडले होते. दिसत होते फक्त बूट. "कोण आलंय? तो स्पॅनर पास करा, प्लीज," आतून आवाज आला. माझी शिकवणी तिथेच सुरू झाली.

लीड्सच्या हॉस्पिटलात मी रेडिओग्राफर. सर तिथल्या लिफ्ट सांभाळून निवृत्त झालेले. बागेतले गवत कापणारे, बॅटरीवर चालणारे जुने ट्रॅक्टर ते आमच्या हौशी मंडळात दुरुस्त करत आणि आम्हालाही शिकवत. स्वभावाने कडक. दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या ट्रॅक्टरवर पहिली फेरी ते स्वतःच मारत. आमच्यावर विश्वास नाही, असे वाटून मला याचा रागच यायचा.

या ट्रॅक्टरच्या मोटारीचा वेग वाढवायचा तर तिच्यातल्या विजेवरच्या चुंबकाचा करंट थोडा कमी करतात. तो पूर्ण तुटला, तर मोटार बेभान पळते. हे सरांनी मला दहादा बजावले होते.

नव्या शतकाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाचा मेळावा होता. ट्रॅक्टर मी तयार केला, सर बसले. उतारावर मोटारीचा आवाज एकदम चढला. ट्रॅक्टर थेट चहाच्या तंबूकडे सुटला. ब्रेक पुरेना. आत गायकवाडकाकू मुलांना वडे वाढत होत्या. सरांनी सीटखाली हात घालून बॅटरीचा प्लग उपटला, मोठी ठिणगी उडाली, आणि ट्रॅक्टर टेबलापासून हातभर अंतरावर थांबला.

"झालं काय एक्झॅक्टली? कोणाची मिस्टेक?" अध्यक्षांनी विचारले.

"वायर जुनी होती," भाजलेला तळहात खिशात घालत सर म्हणाले.

सगळे पांगल्यावर त्यांनी माझ्या हातात स्पॅनर दिला. "सुनंदा, चेक कर, टाइट कर. मी परत बसतो."

मी रडतच नट आवळला. सर बसले आणि संथपणे मैदानाला फेरी मारून आले.

सर, वायर जुनी नव्हती. चुंबकाच्या वायरीचा नट मी सैल ठेवला होता. आपल्याला ते ठाऊक होते. बाकीच्यांना आज, आपल्या पंचाहत्तरीला, मी सांगते आहे. मला तेव्हाच कबूल करता आले नाही, याची लाज वाटते.

आपल्याला ठणठणीत शंभरी लाभो. फक्त यापुढे माझ्या हातच्या कामावर पहिली फेरी मी मारणार. आपण काकूंशेजारी खुर्ची टाकून बसा, आणि चुकले तर सगळ्यांदेखत रागवा.