ऊन दाखवलेली डाळ

डाळीचा एक दाणा दाढेखाली धरायची, डोळे मिटायची आणि कट्कन आवाज आला की मान हलवायची. नाही आला तर एकच प्रश्न, “ऊन दाखवलं का?”

महागावजवळ आमच्या बचतगटाची डाळमिल आहे. ऑर्डरी, कागदपत्रं मी पाहते. डाळ ती पारखायची. ती बंजारा तांड्यावरची, म्हणून आम्ही सगळ्या तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचो. तुमच्याही पाहण्यात असं माणूस असेल, ज्याच्यापुढे खोटं बोलताना जीभ अडखळते.

माझी मेली तेवढी अडखळली नाही. उमरखेडच्या वसतिगृहाची ऑर्डर घाईची, आभाळ भरलेलं आणि याडी लग्नाला गेलेली. मी न वाळवताच डाळ भरायला लावली, वसतिगृहाची आणि दुकानांच्या पाकिटांचीही. परत आल्यावर तिनं विचारलं, तर बिनदिक्कत ‘हो’ म्हणाले.

महिन्याभरानं मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागला. पाकीट आमचं, आत भुंगे. दुपारपर्यंत दुकानदारांनी माल परत पाठवला, वसतिगृहानं पुढची ऑर्डर थांबवली. गटाचं नाव आणि वीस बायांचं काम, दोन्ही जायची वेळ आली. मी ठसक्यात निवेदन लिहिलं, की हा आमच्या बदनामीचा कट आहे. याडीला वाचून दाखवलं.

“पयले पोतं पाह्य,” ती म्हणाली, “मंग लिह्य.”

त्याच मालाचं उरलेलं पोतं उघडलं. भुंगेच. मी रडत रडत खरं सांगून टाकलं. ती रागावली नाही. माझा कागद मात्र घडी करून कनवटीला खोचला, तो मला पुन्हा दिसला नाही.

बाजाराच्या दिवशी तेच पोतं तिनं रस्त्याकडेला चादरीवर ओतलं. लोक जमले, मोबाइल वर झाले.

“आमचंच चुकलं. ऊन न दाखवता भरलं. ज्याच्या घरी असंन त्यानं वापस आणा, नवी न्या.”

माझं नाव तिनं घेतलं नाही. मला लाज वाटली. मीच पुढे होऊन सांगितलं, की भरायला मी लावली. पहिला व्हिडिओ काढणारे मास्तर गर्दीतच होते, त्यांनी हाही काढून सगळीकडे पाठवला. आठवड्यानं वसतिगृहाच्या अधीक्षक बाई स्वतः आल्या, याडीसारखाच दाणा चावून पाहिला आणि ऑर्डर पुन्हा चालू केली. कितीतरी दिवसांनी मला चहाची चव लागली.

याडी आता झरी जामणीकडे लेकीजवळ राहते. परवा वसतिगृहाची यंदाची ऑर्डर आली, म्हणून मी तिला फोन केला. कौतुक वगैरे काही नाही.

“ऊन दाखवलं का?”

मी मिलच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या डाळीशेजारीच बसले होते. पाठ चांगली तापली होती. एक दाणा दाढेखाली धरला आणि फोन गालाशी लावून कट्कन फोडला.

पलीकडे तिनं मान हलवली असणार.