मुन्शीनं ठेवलेलं आडनाव

"सटवा नावाचे दोन झाले," मुन्शी म्हणाला. "तुझं आडनाव काय रे?"

जालन्यातल्या कापसाच्या जिनिंग मिलचं फाटक. आमचा पहिला दिवस. बा पुढं, हात जोडून. मागं माय आन मी. आमच्या मागं कामाला लागायला आलेली सगळी रांग.

बा म्हणाला, "आडनाव न्हाई मालक."

खरंच न्हवतं. आष्टीत, आमच्या गावात, आम्हाला आडनावाची गरज कधी पडलीच न्हाई. जात व्हती. मेलेलं ढोर वढायचं असलं की जातीच्या नावानंच हाक यायची. तेवढ्यात भागायचं.

"गाव कोणतं?"

"आष्टी."

मुन्शीनं मान वर केली. तो बी आष्टीचाच. बापजाद्याची जमीन तिथं, आडनाव बी गावावरूनच पडलेलं. आष्टीकर. बाला ते माहीत व्हतं. त्याला वाटलं, परक्या शहरात गाववाला भेटला. तो हसला.

"मंग आष्टीकरच लिवा की मालक. एकाच गावचे हौत आपण."

मुन्शीनं टाक खाली ठेवला.

"आष्टीकर? गावात घर कुठं व्हतं तुझं? सांग सगळ्यायला."

"गावाबाहेर."

"आन खात काय व्हतास?"

बा पायाकडं बघाया लागला.

"सांग की. लाजू नको. आमच्याच दारचं खाल्लंस."

"उरलंसुरलं, मालक."

"मंग आष्टीकर कसा? उष्टे तू. सटवा उष्टे. बराबर जमलं."

लोकं खदखदून हसले. हसणारे आमच्यासारखेच भुकेले व्हते. आन बा बी हसला. मालक हसला की हसायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. मी मायचा पदर धरला व्हता.

मुन्शीला हा नादच व्हता. एका नावाचे दोघं निघाले की तो डोळ्यासमोर जे दिसंल ते आडनाव ठेवायचा. एकाच्या हातात खराटा व्हता, तो खराटे झाला. एक बाई शिंकली, तर तिच्या घरादाराला शिंके करून टाकलं. एक जण बोलताना अडखळायचा. तो अडखळे. पण जमीनवाल्याचा पोरगा कामावर आला की मुन्शी अदबीनं विचारायचा, "आडनाव कसं लिवू, पाटील?"

आमच्यापैकी कुणालाच त्यानं तसं विचारलं न्हाई.

बा कापसाच्या बांधलेल्या गठाणी उचलायचा. माय आन मी कापसातला कचरा निवडायचो. बा उष्टे, माय उष्टेबाई. आन मी? मी उष्टी. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला भर मिलमधी "ए उष्टी" अशी हाक मारली की गडी कसे बघतात, ते बाईलाच कळंल. मी खाली मान घालून "जी" म्हणायचे. त्या हाकेला वळायची सवय लागली व्हती मला.

कुंभार पिंपळगावाहून सोयरे आल्ते मला बघायला. पोरगा बरा व्हता. मायनं भाकरी केल्त्या. पोराच्या मामानं मस्तगडात, आमच्या वस्तीत, आमचं घर विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, "उष्टी राहती ती झोपडी व्हय?" मामानं दारातच विचारलं, "पोरीला उष्टी कामून म्हणतात?"

बा सांगून राह्यला व्हता, आडनाव हाय, मुन्शीनं ठेवलेलं हाय. मामा म्हणाला, "आडनाव उगंच पडत न्हाई." पाणी बी न पिता ते गेले.

दुसऱ्या दिवशी बा मुन्शीकडं गेला. मी संगं गेल्ते. बानं पागोटं त्याच्या पायाशी ठेवलं.

"काही बी लिवा मालक. दगडे लिवा, धोंडे लिवा. पोरीचं लगीन मोडलं."

मुन्शी म्हणाला, "एकदा पडलं ते पडलं. जा, गठाणी पडल्यात."

बा गेला. गठाणी उचलायला.

मंग त्याला खोकला लागला. कापसाच्या रुईची धूळ छातीत बसली व्हती. हकीम झाला, अंगारा झाला. पावसाळा उलटायच्या आत बा गेला.

बाला पुरलं त्या दिवशी त्याच्या संगं गठाणी वाहणारा रहीमचाचा आल्ता. माती लोटून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "बेटी, कचेरी में मौत लिखवानी है. सटवा के बाप का नाम क्या था?"

मला ठाऊक न्हवतं. मुन्शीनं दिलेलं आडनाव मला झोपेत बी येत व्हतं, आन आज्याचं नाव ठाऊक न्हवतं. माय म्हणाली, "राणबा."

"सटवा वल्द राणबा," चाचा म्हणाला. "सरकारी कचेरी में इतना बस है. मेरा भी इतनाच लिखते. वो उष्टे-बिष्टे किसने पूछा?"

म्हणजे आडनावाची गरजच न्हवती. दोन सटवे व्हते, तर बापाचं नाव विचारायचं. एक राणबाचा, दुसरा ज्याचा असंल त्याचा. एवढं सोपं. मुन्शीनं गंमत म्हणून आमची माणसातली किंमत काढली, आन आम्ही वर्षानुवर्षं त्या हाकेला "जी" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माय आन मी कामावर गेलो. मुन्शी हजेरीला ओरडला, "उष्टी!"

मी समोर उभी. बोलले न्हाई.

"ए उष्टी! भैरी झालीस काय?"

"ते माझं नाव न्हाई. सटवा राणबाची लेक म्हणा."

तो हसला. रांग बी हसली. "उष्टी म्हणलं तर येशील, न्हाई तर काम न्हाई."

मी पाठ फिरवली. वाटलं, कुणीतरी संगं येईल. कुणी आलं न्हाई. खराटे जागीच उभा राह्यला. शिंकेबाई बी जागीच.

मुन्शीनं पुढची हाक मारली. "उष्टेबाई!"

मागून मायचा आवाज आला. "जी."

मी थांबले न्हाई. तिला बी काही बोलले न्हाई. घरात पीठ न्हवतं, हे मला बी माहीत व्हतं.

मी सडकेवर खडी फोडायला लागले. तिथं बी मुकादम. नाव विचारलं, सांगितलं. बापाचं विचारलं, सांगितलं.

"आडनाव?"

"न्हाई."

"असं कसं? थांब, मीच ठेवतो एखादं."

"ठेवू नका. ठेवणार असाल तर मी चालले."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मंग कागदावर काहीतरी खरडलं. काय लिवलं ते कळलं न्हाई. मला वाचता येत न्हवतं. कदाचित जागा कोरी सोडली असंल. कदाचित मुन्शीपेक्षा वाईट लिवलं असंल.

लिवू दे. लिवणारा हात मला धरता येत न्हाई. पण हाकेला वळणारी मान माझी हाय. ती आता वळणार न्हाई. मायनं सांगितलं तरी न्हाई.