कॉलरपर्यंत गेलेला हात

वर्डेल टिन्स्लीबाई आमच्या शेजारच्या. सगळा जन्म त्यांनी अलाबामातल्या या एकाच गावात काढला, त्यातली बरीच वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात. गावातल्या निम्म्या पुरुषांना ते लहान असताना त्यांनी जेवायला वाढलेलं आहे. त्यामुळे त्या कुणाला भीत नसत. आता भितात.

रविवारी काळ्या लोकांच्या चर्चमध्ये त्या दाराशी उभ्या असतात. मीही त्यांच्याबरोबर जाते, मागच्या बाकावर बसते. मी घरी नामस्मरण करणारी, पण देवाचं नाव कुठेही घेतलं तरी माझं मन शांत होतं. वर्डेलबाईंचा पोशाख पांढरा, हातमोजे पांढरे. आलेल्याला जागा दाखवायची, कुणाला भोवळ आली तर धरायचं. प्रार्थना चालू असताना बोलायचं नसतं, म्हणून दारावरच्या बायकांच्या हाताच्या खुणा ठरलेल्या. एक बोट वर केलं की एक जागा रिकामी आहे, हात पाठीशी नेला की थांबा. वर्डेलबाई हे आईकडून शिकल्या. त्या लहान असताना गारांच्या माऱ्यात दोघी मायलेकी गोऱ्यांच्या चर्चच्या पायरीवर आडोशाला उभ्या राहिल्या होत्या, तर आतून एका माणसाने येऊन हाकललं होतं. "माझ्या दारातून कुणी परत जायचं नाही," असं त्या म्हणायच्या ते तेव्हापासून.

मग दुसऱ्या राज्यातल्या अशाच एका चर्चमध्ये एक गोरा तरुण शिरला आणि त्याने प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. टीव्हीवर आठवडाभर त्याचा तोच फोटो. किडकिडीत अंग, डोक्याला टोपी, खांद्याला बॅग. डोळे मिटले तरी दिसायचा. आमच्या राज्यात परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा झालेलीच होती. चर्चचे कारभारी लुशस मेब्री यांनी बैठकीत सांगून टाकलं की पहिलं भजन झालं की दाराला कुलूप, आणि पुढे लोकांकडे तोंड करून मांडलेल्या बाकावर तिघंजण कोटात पिस्तूल ठेवून बसणार.

"आणि सिस्टर वर्डेल, तुम्ही एक नवी खूण शिका. कॉलरला हात लावलात की आम्ही उठणार."

"उठून काय करणार?"

"ते आमच्यावर सोडा."

"लुशस, सांडलेल्या दुधासाठी भोकाड पसरताना मी तुला पाहिलंय. तुझ्यावर काय काय सोडू?"

सगळे हसले. पण खूण ठरली.

गाव सोडून गेलेली मंडळी वर्षातून एका रविवारी परत येतात, प्रार्थनेनंतर सगळे मिळून जेवतात. त्या दिवशी चर्च खच्चून भरलं होतं. भजन संपलं, कुलूप लागलं, आणि दारावर टकटक झाली. काचेतून मला दिसला तो. गोरा, किडकिडीत, टोपी, खांद्याला बॅग.  पुढून मेब्री मानेनं 'नको नको' करत होते. वर्डेलबाईंनी किल्ली हातात घेतली, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दार उघडलं.

त्याला त्यांनी माझ्या पुढच्या बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. दारावरची बाई प्रार्थनेत बसत नाही. मी त्यांना तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पाद्री प्रूइट बोलत होते, पण ऐकत कोण होतं? मेब्रींची नजर वर्डेलबाईंच्या हातावर आणि स्वतःचा हात कोटात. वर्डेलबाईंच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरत होता. तो त्यांना पुसता येत नव्हता. हात वर गेला असता तर खूणच झाली असती. मी मनातल्या मनात नाव घ्यायला लागले.

इतक्यात तो तरुण वाकला. बॅगेची चेन उघडली, आत हात घातला. आत काहीतरी धातूचं चमकलं.

वर्डेलबाईंचा हात उठला. छातीपर्यंत गेला, गळ्यापर्यंत गेला. मेब्री अर्धे उभे राहिले. बोटं कॉलरच्या काठाशी आली, आणि मग तोच हात खाली आला आणि त्या तरुणाच्या मनगटावर घट्ट बसला.

"काय आहे रे त्यात?"

"सांडतंय, मॅडम," तो कानापर्यंत लाल झाला. "पत्र्याच्या ट्रेमध्ये पीचचा गोड पदार्थ आहे. पाद्री फोनवर प्रार्थना घेतात, कुणीही फोन लावून ऐकावी, त्यात दर वेळी म्हणतात ना, दार उघडं आहे, जेवून जा. मी एकटाच असतो. रिकाम्या हाताने कसं यायचं?"

बॅगेखाली पाकाचं थारोळं झालं होतं. मागचं कुणीतरी फिसकन हसलं, मग हसू बाकाबाकांतून पुढे गेलं. मेब्री सावकाश खाली बसले.

जेवणाच्या वेळी वर्डेलबाई मेब्रींना कोपऱ्यात घेऊन गेल्या. मी पानं मांडत होते, सगळं ऐकू येत होतं.

"लुशस, माझा हात कुठवर गेला होता?"

"दिसला मला."

"आणि तुझा?"

मेब्रींनी कोटाचं बटण लावलं. मग म्हणाले, "बाहेर आला होता, सिस्टर. कोटाच्या कडेपर्यंत. तुम्ही हात अजून एवढासा वर..." त्यांनी मान हलवली. "पण तो खरंच तसला निघाला असता तर?"

"तर मी मेले असते," वर्डेलबाई म्हणाल्या. "मला काय ते माहीत नाही? रात्रभर हेच डोक्यात असतं. पण ती खूण मी पुन्हा करणार नाही. दुसरी कुणी बघ."

"दुसरी कुणी तर उगाचच करेल."

वर्डेलबाई हातमोजे काढायला लागल्या. 

तेवढ्यात तो तरुण रिकामी ताटली घेऊन आला. "मॅडम, पुढच्या रविवारी येऊ का?"

वर्डेलबाईंनी मेब्रींकडे पाहिलं. मेब्रींनी जमिनीकडे. बाई बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा वाटला नाही.

"ये ना बाळा. पण बॅग आणू नकोस. आणि टोपी काढून, काचेतून तोंड नीट दिसेल असा उभा राहा."

"हो मॅडम," तो म्हणाला. त्याला वाटलं, इथली तशी रीतच असेल.