काल संपलेल्या मॅचची पनवती

स्वतःच्या घरातून, स्वतःच्या पायजम्यात, सकाळी साडेसहाला हाकलून दिलेला सिंगापुरातला मी पहिलाच मराठी माणूस असेन. तेही एकदा नाही, अख्खा हंगामभर. आणि हंगाम कसला, तर हर्लिंगचा.

हर्लिंग ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही नव्हतं आणि मी सुखात होतो. हा आयर्लंडचा खेळ. हॉकीच्या काठ्या वाटल्या, क्रिकेटच्या चेंडूसारखा चेंडू टाकला आणि मग हॉकीचे सगळे नियम जाळून टाकले की जे उरेल ते हर्लिंग. दोन्हीकडे पंधरा पंधरा जण. चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, आणि एका गोलाचे पॉइंट तीन. सामने जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. जिल्ह्याला ते काउंटी म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होतं आणि जुलैत फायनल, म्हणजे इकडे आमच्या घरात तोवर माणसांचं माणसांशी बोलणं बंद.

हे संकट आमच्या घरात आलं ते समोरच्या दारातून. मरीन परेडला आमच्या कॉन्डोत, लिफ्टच्या पलीकडे, एक आयरिश म्हातारा राहतो. जहाजांच्या इंजिनखोल्यांत आयुष्य गेल्यामुळे तो ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो ते खाली स्विमिंग पूलमधल्या माणसांनाही पोचतं. बायको त्याची इथलीच, चिनी, आकाराने त्याच्या एका हाताएवढी आणि धाकाने त्याच्या चौपट. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर तिने दोन कायदे केले. नऊला झोपायचं, आणि घरात हर्लिंग लावायचं नाही. दुसऱ्या कायद्याचं कारण असं सांगतात, की एका सेमीफायनलच्या भरात त्याने घरातली काठी फिरवली आणि छताचा पंखा गोलात मारला. पंखा मी पाहिलेला नाही, पण छताला भोक आहे.

हर्लिंगच्या मॅचेस आयर्लंडात दुपारी असतात, म्हणजे आमच्याकडे तो झोपल्यानंतर. त्याला त्या सकाळी रेकॉर्डिंगवर बघायच्या होत्या, आणि टीव्ही हवा होता. आमच्याकडे टीव्ही आहे. वर्ल्ड कपसाठी मी इतका मोठा घेतला होता की तो आणताना लिफ्टमध्ये माणूस मावला नाही, टीव्ही एकटाच वर आला.

त्या एप्रिलमध्ये माझे सासरे पुण्याहून आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सासूबाई गेल्यापासून एकटे, आणि इथे आल्यावर दिवसभर गॅलरीत बसून जहाजं मोजण्याखेरीज काम नाही. दोनच आठवड्यांत म्हणायला लागले, “इथे माणसं लिफ्टमध्ये एकमेकांच्या चपलांकडे बघतात. मला परत पाठवा.” बायको माझ्याकडे अशी बघायची जणू सिंगापूर मीच बांधलंय.

आणि एके सकाळी ते फिरून आले ते या म्हाताऱ्याला घेऊनच.

“जावईबापू, हे समोरचे साहेब. यांची मॅच आहे. टीव्ही लावा.”

म्हातारा सोफ्यावर बसला तेव्हा सोफ्याचं दुसरं टोक वर उचललं गेलं. त्याने सासऱ्यांना सगळं समजावलं. बोलला अर्थातच इंग्रजीत, आणि तेही असं की प्रत्येक वाक्य तोंडात चुलीवर शेकून बाहेर काढल्यासारखं. सासरे पुण्याच्या इंग्रजीत उत्तर देत होते. दोघांना एकमेकांचं अर्धंसुद्धा कळत नसावं, पण थांबायला कोणी तयार नव्हतं.

“बाबा,” तो सासऱ्यांना म्हणाला, कारण माझी बायको त्यांना तशी हाक मारते, “माझ्या काउंटीने कप शेवटचा जिंकला तेव्हा मी हाफपँटीत होतो. वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं म्हणून माझ्या लक्षात फक्त लोकांच्या टोप्या आहेत. मला एकदा कप बघायचाय. टोप्या पुरे झाल्या.”

“बघाल,” सासरे म्हणाले. “का नाही बघणार? हे खेळाडू पगार किती घेतात?”

“काही नाही. कोणी शिक्षक आहे, कोणी वायरमन. उद्या सगळे कामावर जाणार.”

सासऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांना खरा खेळ दाखवला होता, आणि तो मी दाखवला नव्हता, हे त्या बघण्यात होतं.

ती पहिली मॅच त्याच्या काउंटीने जिंकली. मी तेव्हा आत झोपलेला. बायकोने दोघांना साबुदाण्याची खिचडी दिली होती. पुढच्या मॅचला दोघे तिथेच, तसेच बसले, पुन्हा खिचडी. मी दात घासत घासत हॉलमधून गॅलरीकडे गेलो, आणि नेमका त्याच क्षणी समोरच्यांचा गोल. थांबून बघितलं तर दुसरा गोल. मॅच गेली.

सासऱ्यांनी रिमोट खाली ठेवला. “जावईबापू, तुम्ही मध्ये आलात.”

“बाबा, मी दात घासत होतो.”

“तेच म्हणतोय.”

आता हे आपल्याकडे नवीन नाही. भारताची विकेट पडत नसली की बाथरूमला जायचं नाही, कोणी पाणी प्यायला उठलं की शिव्या, हे मीही केलंय. मामेभावाला एकदा अख्ख्या डावभर मोरीत उभं केलं होतं. पण ती मॅच चालू असते. ही मॅच आदल्या दिवशीच संपली होती. खेळाडू आंघोळ करून, जेवून, झोपले होते. त्यांच्यातला वायरमन बहुधा कुणाच्या तरी घरचे फ्यूज बदलायची स्वप्नं बघत होता. हे मी सासऱ्यांना शांतपणे समजावून सांगितलं.

“संपली असेल तिकडे,” सासरे म्हणाले. “आपल्याकडे चालू आहे.”

आमची मुलगी नऊ वर्षांची, इथल्या शाळेतली. ती शेवटी इथला ‘लाह’ लावून म्हणाली, “आजोबा, स्कोअर फिक्स्ड ऑलरेडी लाह. बाबा डान्स केला तरी सेम.”

“तू लहान आहेस,” आजोबा म्हणाले.

मला वाटलं, निदान इंजिनियर माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल. म्हाताऱ्याने दाढी खाजवली, छताकडे पाहिलं, आणि म्हणाला, “बाबांचं म्हणणं तपासून बघायला काय हरकत आहे?”

तपासलं. तिसऱ्या मॅचला मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, क्लेमेंटीला मित्राकडे होतो, जिंकले. चौथीला मी हॉलमध्ये नव्हतो पण फ्रीज उघडला, बरोबरी. सासऱ्यांनी निकाल दिला की फ्रीजचं अंतर अर्धं आहे म्हणून परिणामही अर्धा. म्हाताऱ्याने मान डोलावली. दोन शिकलेली माणसं, एकाने धरणं बांधली, एकाने जहाजं चालवली, आणि त्यांच्या मते आयर्लंडातला चेंडू मरीन परेडच्या फ्रीजकडे कान लावून बसलेला.

मग माझं नावच पडलं. सासरे फोनवर पुण्याला सांगायचे, “बाकी ठीक आहे, जावई जरा पनवती आहेत.” म्हाताऱ्याने तो शब्द उचलला. त्याला वाटलं ही आपल्याकडची एखादी पदवी असावी. लिफ्टमध्ये, शेजाऱ्यांसमोर, तो मला आदराने म्हणायचा, “गुड मॉर्निंग, पनवती.”

हर्लिंगच्या सकाळी मी सहाला उठून, कपडे हातात घेऊन, हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, जायचो. कोपी म्हणजे इथली कॉफी घ्यायचो, नारळाच्या जॅमचा काया टोस्ट घ्यायचो, तिथेच ऑफिसचे मेल बघायचो. कोपीवाल्या आंटीला वाटलं माझं घरी पटत नाही. ती मला टोस्टवर लोणी जास्त घालायला लागली. घरी हंगामभर साबुदाणा भिजत होता. लिटल इंडियातल्या दुकानदाराने एकदा बायकोला विचारलं, तुमच्याकडे कसला मोठा उपास चालू आहे. बायको म्हणाली, “आयरिश.”

मला वैताग कशाचा होता, तर बाबा आनंदात होते याचा. परत पाठवा म्हणणं बंद झालं होतं. रोज संध्याकाळी दोघे खाली बाकावर बसून स्कोअरची बेरीज करायचे, गोल गुणिले तीन अधिक पॉइंट. बायको म्हणायची, “अरे, राहू दे ना. किती वर्षांनी हसतायत.” हसत होते ते माझ्या गैरहजेरीत.

मोठ्या कपाआधी काउंट्यांच्या विभागाची फायनल असते, ती आली. मी हॉकर सेंटरला जाताना लॅपटॉपचा चार्जर विसरलो. हळूच दार उघडलं, भिंतीला चिकटून सरकलो, टीव्हीकडे पाठ. चार्जरला हात लावला आणि म्हाताऱ्याच्या तोंडून एक शब्द निघाला, ज्याचा अर्थ मुलीने नंतर मला विचारला. हरले. पण या खेळात विभागाची फायनल हरलेल्यांनाही पुढे क्वार्टर फायनल मिळते.

“हरून पुढे?” सासरे म्हणाले. “ही आपल्या खात्यातली पद्धत झाली.” पण खूश झाले. क्वार्टर फायनलला मला बसने पार बेडोकपर्यंत पाठवलं. जिंकले. सेमीफायनलला बेडोकलाच, आणि मी बाहेर पडताना आधी उजवा पाय टाकला की डावा, यावर दोघांचं एकमत होईना, म्हणून दोनदा बाहेर पडायला लावलं. जिंकले.

फायनल रविवारी झाली आणि सोमवारी सकाळी बघायची ठरली. म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायकोची परवानगी काढली होती आणि तिने त्याच्या गोळ्या एका डबीत घालून सासऱ्यांच्या हातात दिल्या होत्या, त्याच्या हातात नाही. दारात त्याने माझा हात हातात घेतला. “पनवती,” तो म्हणाला, “लांब जा रे बाबा.”

बेडोकला जायचा कंटाळा आला म्हणून मी इथल्याच हॉकर सेंटरला बसलो. मेल बघण्यात तास गेला, मग दुसऱ्यांदा कोपी-टोस्ट आले. फोन काढला. मी एक-दोनदा चोरून हर्लिंगचे नियम शोधले होते, तेव्हापासून फोनने मला जन्माने आयरिश ठरवून टाकलं होतं. मी काही विचारायच्या आत त्याने निकाल समोर धरला. हरले होते. एका पॉइंटने, शेवटच्या मिनिटात, तोवर पुढे असताना.

पहिली गोष्ट खरी सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. मी घराबाहेर, पायांत बूट, समोर आंटीची साक्ष, आणि तरी हरले. सुटलो. आता सासऱ्यांपुढे उभं राहून म्हणता आलं असतं, बोला बाबा, आता कोणाला धरता? हे वाक्य मी कोपीवर दोन-तीनदा म्हणून बघितलं. छान येत होतं.

मग डोळ्यांपुढे आमचा सोफा आला. त्याच्यावर दोघं म्हातारे, मांडीवर गार खिचडी, आणि हरायला काही कारणच नाही. सगळं बरोबर केलेलं. जागा सोडली नाही, उपास चुकवला नाही, पनवती लांब पाठवली. आणि तरीही नाही. मग म्हाताऱ्याला कप कधी दिसणारच नव्हता, एवढंच त्यातून निघत होतं.

मी टोस्ट तसाच टाकला. आंटी मागून म्हणाली, “आज लवकर घरी? गुड, गुड, नो मोअर फाइट हं.” मी धावलो. एरवी मी लिफ्टची वाट बघताना बसून घेतो, पण त्या दिवशी जिन्याने गेलो आणि असा गेलो की मधल्या मजल्यावरचं कुत्रं मला ओळखेनासं झालं.

दार उघडलं. मॅच शेवटाला आली होती. काउंटी एका पॉइंटने पुढे. सासऱ्यांची मूठ म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून मला हातानेच जा जा करत होती. मी बूट न काढता सरळ टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने विचारलं, “काय, कुठपर्यंत आलं?”

“जावईबापू,” सासरे म्हणाले. आवाज असा की बाकीचं वाक्य लागलंच नाही.

मी फ्रीजही उघडला. कसर ठेवायची नव्हती.

समोरच्यांचा एक पॉइंट झाला, बरोबरी. मग लांबून, अगदी लांबून, दुसरा. शिट्टी. संपलं.

म्हाताऱ्याचा हात छातीकडे गेला आणि मी सासऱ्यांच्या हातातल्या डबीकडे बघितलं. मग तो हात वर आला आणि त्याचं बोट माझ्यावर. इंजिनखोलीत राखून ठेवलेलं सगळं त्याने बाहेर काढलं. शेवटी शेवटी तर आयरिश भाषेत. सासरे मराठीत. दोघे एकाच वेळी, एका सुरात, उभे राहून, आणि मध्येच सासऱ्यांनी डबीतली गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली ती त्याने बोलता बोलताच गिळली.

“जिंकलो होतो आपण, बाबा,” म्हातारा म्हणाला. “तुम्ही पाहिलंत. जिंकलो होतो.”

“जिंकलोच होतो,” सासरे म्हणाले. “हे आले.”

त्यानंतर दोघांनी खिचडी खाल्ली. गार होती तरी सगळी. पुढच्या वर्षी कोणता खेळाडू कुठे खेळवायचा यावर वाद सुरू झाला आणि मला कोणी बसा म्हटलं नाही. बायको माझ्या बुटांकडे बघत होती, मग माझ्या तोंडाकडे. खिशात फोन होता, तो मी आणखी खोल ढकलला.

आता सासरे पुण्यात आहेत. म्हातारा लिफ्टमध्ये नव्या भाडेकरूंना माझी ओळख करून देतो, की आमची फायनल घालवली ती या माणसाने. मी मान हलवतो. परवा सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. पुढच्या एप्रिलला येतायत, तिकीट काढलंय.

“तुम्ही तोवर क्लेमेंटीला एखादी खोली बघून ठेवा,” म्हणाले. “हंगामापुरती.”