धर्मेंद्रच्या तोंडातली घोषणा

वलगावच्या धर्मेंद्र गवईला फौजेत सहा वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्या पलटणीच्या सरावाच्या मैदानावर सिनेमावाले आले. त्यांना रणगाडे हवे होते, ट्रक हवे होते आणि हिरोच्या मागे धावायला माणसं हवी होती. वरून हुकूम आला आणि धर्मेंद्रची कंपनी शूटिंगला उभी राहिली. सकाळी शत्रू व्हायचं, दुपारी गणवेश बदलून आपल्या बाजूनं मरायचं. पोरं खूश होती. हिरोसोबत फोटो काढून घरी पाठवत होती.

या मदतीच्या बदल्यात सिनेमा कसा दिसावा, हे पाहायला एक कॅप्टनसाहेब रोज तंबूत बसत. एकदा धर्मेंद्र तंबूबाहेर पहाऱ्यावर होता. आत एका प्रसंगावर बोलणं चाललं होतं. चौकीवरचा एक जवान आईला फोन करतो आणि घरी यायचंय म्हणून रडतो, असा तो प्रसंग होता.

"हमारे जवान ऐसे नहीं रोते," साहेब म्हणाले. "निकाल दीजिए."

तो प्रसंग गेला. धर्मेंद्र पहिल्या वर्षी तसाच रडला होता. तो ताठ उभा राहिला.

शेवटच्या लढाईच्या दिवशी सिनेमाचे सुरुंग पेरणाऱ्या माणसाची चूक झाली. जवान पलीकडच्या सुरक्षित खुणेपर्यंत पोचायच्या आतच, पोरं सुरुंगाच्या अगदी जवळ असताना, स्फोट झाला. धर्मेंद्र उडून पडला. मांडीत दगडाचे तुकडे घुसले, डाव्या कानातून रक्त आलं. तो कळवळून ओरडला, "माय वं!" कॅमेरा चालूच होता.

दवाखान्यात बरेच महिने गेले. पाय वाचला, पण लंगडत राहिला. डावा कान गेला. चौकशीत तो सरावातला अपघात ठरला, आणि मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवलं. अमरावतीत एका बँकेच्या दारात तो बंदूक घेऊन उभा राहू लागला.

सिनेमा लागला तेव्हा धाकटा भाऊ सुगत त्याला ओढूनच घेऊन गेला. सगळं थिएटर भरलेलं होतं. शेवटच्या लढाईत तो स्फोट आला. धूळ उसळली, त्यात एक जवान हवेत फेकला गेला, आणि त्याचा चेहरा सगळ्या पडद्यावर पसरला. तोंड उघडं, डोळे फाटलेले. मात्र त्या तोंडातून "माय वं" निघालं नाही. तिथं कोण्या दुसऱ्याच्या भरदार आवाजातली युद्धघोषणा बसवली होती. लोक उठून ओरडायला लागले, शिट्ट्या वाजल्या.

"भाऊ, तू! तू हायेस!" सुगत नाचायलाच लागला होता.

धर्मेंद्र खुर्चीचे हात धरून बसला.

सिनेमातल्या त्या प्रसंगाचे तुकडे पोरांच्या मोबाईलवर फिरले. वलगाव रोडवर ओमप्रकाश नावाच्या माणसाची भरती अकॅडमी होती. नव्या बॅचला पहिल्या दिवशी तो मंडपात मोठा पडदा लावून तो सिनेमा दाखवी, आणि लगेच नावं लिहून घेई. त्यानं धर्मेंद्रला पाहुणा म्हणून बोलावलं. धर्मेंद्र गेला, कारण त्याला खरं काय झालं ते सांगायचं होतं.

माईक हातात घेऊन त्यानं सगळं सांगितलं. तो स्फोट चुकून झाला, ती घोषणा आपली नाही, आपण आईला हाक मारत होतो.

पोट्टे ऐकत होते. मग मागून एकानं हात वर केला. "सर, हिरो खरंच एवढा उंच हाय काय?"

सगळे हसले. ओमप्रकाशनं माईक परत घेतला आणि म्हणाला, "पाहा! इतकं होऊनही सर रडले का? याला म्हणतात जवान!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सुगतही टाळ्या वाजवत होता. त्यानं तिथं नाव घातल्याचं धर्मेंद्रला त्याच दिवशी कळलं.

घरी आल्यावर दोघांचं जुंपलं. आई, दुर्गाबाई, चुलीपाशी भाकर थापत होती.

"मी काय सांगून राहिलो होतो, ऐकलं नाई काय तू?"

"ऐकलं ना."

"मंग काहून जातं? आताची भरती चारच वर्षांची हाय, मंग घरी पाठवतीन तुले. तवा काय करशीन?"

"अन् इथं राहून काय करू?" सुगत म्हणाला. "बारावी झालो, दोन वर्षं झाली. तूच सांग ना भाऊ. काय करू मी?"

धर्मेंद्रनं खुंटीवर टांगलेल्या बँकेच्या गणवेशाकडं पाहिलं. दुर्गाबाईनं तव्यावरची भाकर उलटली आणि दोघांकडंही पाहिलं नाही.

सुगत अकोल्याला लेखी परीक्षा देऊन आला, धावण्यात पुढं निघाला, निवडला गेला. बडनेऱ्याच्या फलाटावर अकॅडमीची पोरं सिनेमातली तीच घोषणा देत होती. दुर्गाबाईला वाटलं, निरोप देताना ही पोरं जयभीम म्हणतील, म्हणून तिनं हात जोडले होते. ते तसेच राहिले. गाडी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "एक धाडला होता, थो अर्धा आला."

पुढच्या बॅचला ओमप्रकाशनं पुन्हा बोलावलं. धर्मेंद्र नको म्हणाला असता. पण आता सुगत फौजेत होता. आपण इथं काही बोललो, कोणी मोबाईलवर घेतलं, ते फिरत फिरत सुगतच्या साहेबांपर्यंत गेलं, तर? आणि गेलो नाही, तर हा ओमप्रकाश आपल्याबद्दल कुठं काय बोलेल? या विचारात त्यानं दोन दिवस नीट जेवण केलं नाही.

मग तो गेला. शाल घेतली, नारळ घेतला, खुर्चीवर बसला. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यानं मान हलवली. "कानाचा त्रास आहे सरांना," ओमप्रकाशनं सांगून टाकलं.

सिनेमा सुरू झाला. धर्मेंद्रनं पडद्याकडं पाठ केली, पोरांकडं पाहत बसला. स्फोट झाला तसा सगळ्यांच्या चेहऱ्यावर लाल उजेड पडला आणि ती घोषणा शंभर तोंडांतून एकदम उठली. एकाच्या ओठांवर मिसरूडही धड फुटलेली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर नावं लिहून घ्यायला टेबल मांडलं गेलं. रांग मंडपाबाहेर गेली. धर्मेंद्र शाल काखेत दाबून, लंगडत, त्या रांगेच्या कडेकडेनं रस्त्यावर आला. दोघातिघांनी त्याला पाहून कडक सॅल्यूट ठोकला. त्यानंही हात कपाळाशी नेला.